मृणालिनी या पत्त्यावर राहत नाही

मालन घाडीला माणसं फारशी पसंत पडत नसत.

साकीनाक्याच्या आमच्या कारखान्यात ती विजेची बटणं तपासायची. बटण दाबायचं, समोरचा दिवा लागतो का बघायचं, न लागलेलं उजवीकडच्या टोपलीत टाकायचं. माणसांचंही ती तसंच करी. बहुतेक सगळे उजवीकडच्या टोपलीत.

मी त्याच कारखान्याच्या ऑफिसात चलनं लिहायची. मराठी घेऊन बी.ए. झाले होते आणि त्याचा तिथे काही उपयोग नव्हता. मालन मला सुनंदा म्हणत नसे, 'बीए' म्हणे. मी तेवीस वर्षांची, ती चौतीस. डबा आम्ही एकत्र खायचो. मी तिला टोपलीत न टाकण्याजोगी वाटले असेन, किंवा तिने अजून दाबून बघितलं नसेल.

शहाऐंशीच्या फेब्रुवारीत तिचे वडील वारले. अनंता घाडी. गिरणीत तीस वर्षं, मग संप, मग घर. शेवटची चार वर्षं अंथरुणावर. त्यांचं सगळं मालनने केलं. असल्फ्याच्या चाळीतली दहा बाय बाराची खोली, भाड्याची. मालन तिथे अकरा वर्षं राहत होती, नवऱ्याकडून परत आल्यापासून. तिचा धाकटा भाऊ बाळा दिंडोशीला. त्याला वसाहतीत स्वतःचा ब्लॉक होता, बायको होती, टीव्ही होता. वडील आजारी असताना तो महिन्यातून एकदा येई आणि दारातूनच विचारी, "बरं आसत ना?"

तेराव्याचं जेवण झाल्यावर त्याने खिशातून टेप काढली आणि मोरीची भिंत मोजली.

"काय रे मोजतंस?" मालनने विचारलं.

"काय नाय गो. अशीच."

आठवड्याने घरमालकाच्या मुनिमाने मालनला बोलावलं. तिच्याबरोबर मीही गेले. भाड्याची पावती वडिलांच्या नावाची होती, ती आता कोणाच्या नावाने करायची हा प्रश्न होता. बाळाचा अर्ज आधीच आलेला होता. त्यात लिहिलं होतं की बहीण विवाहित आहे, तिचं घर बोरिवलीला आहे, इथे ती वडिलांच्या आजारपणात सेवेसाठी पाहुणी म्हणून आली होती.

"अकरा वर्षांची पाहुणी," मालन म्हणाली.

"ते मला काय ठाऊक?" मुनीम म्हणाला. "लग्न झालेली पोरगी म्हणजे दुसऱ्या घरची. घटस्फोट झाला म्हणता, तर कोर्टाचा कागद आणा. शिक्क्याचा. नाहीतर पावती मुलाच्या नावाने फाडतो."

एवढंच होतं. कागद आणला तर खोली, नाहीतर रस्ता. मला वाटलं, सोपं आहे.

घटस्फोट झाल्याचं मालनला आठ वर्षांपूर्वी नवऱ्याच्या मावशीने बाजारात सांगितलं होतं. त्याने कोर्टातून मोकळीक घेतली, दुसरी केली, आता तुझी वाट तुला. मावशी खूश होती. मालनने कोलंबीचा वाटा घेतला आणि घरी आली. कागद कधी बघितला नाही. "त्याचा कागद माका कशाक होयो?" असं तिने वडिलांना सांगितलं होतं.

उपनगरातल्या लोकांनाही तेव्हा घटस्फोटासाठी शहरातल्या कोर्टात जावं लागे. आम्ही दोघींनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. जुन्या दाव्यांची दफ्तरं तळमजल्यावर होती. खिडकीमागे एक कारकून चणे खात होता. त्याने फॉर्म दिला. दाव्याचा नंबर, वर्ष, दोन्ही पक्षांची नावं, कोर्ट-फी स्टँप. नंबर आम्हाला ठाऊक नव्हता.

"वर्ष तरी?"

"सत्त्याहत्तर असेल," मालन म्हणाली. "नाहीतर अठ्ठ्याहत्तर. तुम्ही बघा ना. पगार घेता."

कारकुनाने तिच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी माफी मागितल्यासारखं हसले. त्याचा मला पुढे पुष्कळ दिवस राग येत राहिला, हसण्याचा.

"नाव?"

"मालन अनंत घाडी."

"नवऱ्याचं?"

"चंद्रप्रकाश गोविंद शिर्सेकर."

लाल कापडी बांधणीचं एक रजिस्टर त्याने ओढलं आणि बोटाला थुंकी लावली. तिसऱ्या रजिस्टरात बोट थांबलं.

"शिर्सेकर आहे. सत्त्याहत्तर, ऑगस्ट. अर्जदार चंद्रप्रकाश गोविंद. पण बायको मालन नाही. मृणालिनी." त्याने मान वर केली. "तुम्ही या मृणालिनीच्या कोण?"

"कोणी नाही," मालन म्हणाली आणि चालू पडली.

मी तिच्यामागे धावले. ती बाहेरच्या पायऱ्यांवर बसली होती. मला वाटलं, नवऱ्याने तिच्याआधी एक लग्न केलं होतं आणि ते तिला आत्ता कळलं. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"हात काढ गो. रडूक नाय बसलंय. मीच ती."

"कोण?"

"मृणालिनी. त्याने ठेवलेलं. ताटात तांदूळ पसरतात, त्यात अंगठीने नाव लिहितात, तेव्हा. तुमच्याकडे करत नाहीत?"

करतात. माझ्या आईचंही नाव असंच बदललेलं. त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. मी म्हटलं, "नाव छान आहे पण."

"मग तू घे."

चंद्रप्रकाश शिर्सेकर सरकारी खात्यात कारकून होता आणि बोरिवलीच्या एका वाचनालयाचा चिटणीस. त्याला चांगल्या शब्दांची आवड होती. मालन हे भाजीवालीचं नाव आहे, असं त्याने लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तिला समजावलं. तिने विचारलं, भाजी खात नाहीस काय? त्यानंतर तो मृणालिनी अशी हाक मारी आणि ती येत नसे. चहा मागायचा तर तो स्वयंपाकघरात येऊन समोर उभा राही. कुत्र्यालासुद्धा आठवड्यात नाव कळतं, असं त्याने मित्रांसमोर सांगितलं. मित्र हसले. ते सगळे वाचणारे लोक होते. अकराव्या महिन्यात ती ट्रंक घेऊन असल्फ्याला परत आली.

"मग आत जाऊन सांग ना, की ती मीच," मी म्हटलं.

"नाही सांगणार."

"खोली जाईल."

ती उठली. साडीची मागची धूळ झटकली.

"चल. सांगते त्या चणेवाल्याला."

सांगून भागलं नाही. रजिस्टरातली बाई आणि खिडकीतली बाई एकच आहे, असं प्रतिज्ञापत्र पाहिजे होतं. जिन्याखाली टायपिस्ट बसत. त्यांच्यातल्या एकाने न विचारताच टाइप केलं: मी, मालन उर्फ मृणालिनी. मालन 'मालन' एवढीच सही करून थांबली. टायपिस्ट म्हणाला, बाई, पूर्ण. तिने उरलेलं नाव असं लिहिलं की पेन कागदातून आरपार गेलं.

तिसऱ्या खेपेला दफ्तर मिळालं. सुतळीने बांधलेलं, दहा-बारा पानांचं. कारकून म्हणाला, वाचा इथेच, पान हलवू नका. कागद बहुतेक इंग्रजीत होते, मी वाचत होते. चंद्रप्रकाशचा अर्ज सात पानांचा होता. बायको असंस्कृत आहे, हाकेला ओ देत नाही, मानसिक छळ करते. शेवटून दुसरा कागद मराठीत होता. बेलिफचा अहवाल. समन्स घेऊन तो असल्फ्याच्या पत्त्यावर गेला होता. मी मोठ्याने वाचलं:

"मृणालिनी चंद्रप्रकाश शिर्सेकर नावाची बाई या पत्त्यावर राहत नाही, असे तेथे हजर असलेल्या बाईने सांगितले. सबब समन्स परत."

"हजर असलेली बाई कोण?"

"मी," मालन म्हणाली.

"तू समन्स परत पाठवलंस?"

"माझं नव्हतंच. त्याला म्हटलं, ती बाई बोरिवलीला आहे, शिर्सेकराच्या डोक्यात. तिकडे जा."

मला हसू आलं. शेवटचा कागद वाचेपर्यंत.

शेवटचा कागद चार ओळींचा होता. समन्सची बजावणी झाली नाही, अर्जदार तीन तारखांना गैरहजर, सबब अर्ज काढून टाकण्यात येत आहे. एप्रिल अठ्ठ्याहत्तर. मी तो दोनदा वाचला. तिला कसं सांगावं ते मला कळेना. वर्गात आम्हाला शोकांतिका शिकवली होती, त्यात असल्या वेळी कोणीतरी योग्य शब्द बोलतं.

"ताई, घटस्फोट झालेलाच नाही."

"म्हणजे?"

"त्याने अर्ज टाकला आणि सोडून दिला. कोर्टाने काढून टाकला. तू अजून त्याची बायको आहेस."

मालनने माझ्या हातातला कागद बघितला. तिला इंग्रजी येत नव्हतं, तरी बराच वेळ बघितला. कारकुनाला मजा वाटली असावी. त्याने विचारलं, "काय मग, याचीच नक्कल देऊ का?"

"द्या," मालन म्हणाली. "शिक्का नीट मारा. पुसट मारता तुम्ही लोक."

त्या रविवारी आम्ही बोरिवलीला गेलो. तिसरा मजला. दारावर पितळी पाटी होती. चं. गो. शिर्सेकर. खाली, सौ. मृणालिनी शिर्सेकर.

क्षणभर मला वाटलं, पाटी जुनी आहे, काढायची राहिली. पण पितळ नवं होतं. दार एका बाईने उघडलं. गोल चेहरा, कपाळाला पीठ लागलेलं. मागे खोलीत चंद्रप्रकाश झोपाळ्यावर पेपर वाचत होता. मालनला बघून त्याने पेपर खाली ठेवला नाही, वर धरला. पेपरामागे आपण लपलो, असं अशा माणसाला खरंच वाटत असणार.

"मृणालिनी, पाणी आण," तो पेपरामागून म्हणाला.

दारातली बाई आत गेली.

मी मालनकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर मला राग दिसेल असं वाटलं होतं. ती चक्क बघत राहिली, बटणाकडे बघावं तशी.

"हिचंही तेच ठेवलंस?" तिने विचारलं.

त्याने पेपर घडी केला. चार घड्या, कडेला कड जुळवून. "सर्व्हिस बुकात नाव होतं," तो म्हणाला. "रेशनकार्डात होतं. विम्यात होतं. सगळीकडे बदलत बसायचं म्हणजे... तुला कळणार नाही. सरकारी नोकरीत चौकशी होते."

मला कळलं. एकच बायको, एकच नाव, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. सरकारदरबारी कोणी गेलं नाही, कोणी आलं नाही. घटस्फोटाची गरजच उरली नव्हती. इतकी वर्षं मी समजत होते की दुष्टपणाला काहीतरी उंची लागते. हा माणूस फॉर्म भरायचा कंटाळा करत होता.

बाई पाणी घेऊन आली. मालनने ग्लास घेतला नाही.

"तुझं नाव काय?"

"मृणालिनी."

"माहेरचं विचारतंय."

बाईने नवऱ्याकडे बघितलं. "शेवंती," ती म्हणाली. चोरीची वस्तू दाखवावी तितक्या हळू.

"शेवंती, मी मालन. ह्याची पहिली."

"माहीत आहे ताई. तुमचा घटस्फोट झाला ना. कागद आहे आमच्याकडे."

"मृणालिनी, तू आत जा," चंद्रप्रकाश म्हणाला.

ती आत गेली आणि कागद घेऊन बाहेर आली. प्लॅस्टिकच्या पिशवीत, घडी न मोडता, देवाच्या पोथीसारखा जपलेला. लग्नाची बोलणी चालू असताना त्याने हा तिच्या वडिलांना दाखवला होता. तिने तो माझ्यापुढे धरला, कारण शिकलेली मीच दिसत होते.

तोच सात पानांचा अर्ज होता. सत्त्याहत्तर, ऑगस्ट. वर कोर्ट-फी स्टँप आणि दाखल केल्याचा गोल शिक्का. शिक्का जांभळा आणि चांगला उठलेला. तिच्या वडिलांना इंग्रजी येत नसणार. शिक्का बघून त्यांनी मुलगी दिली.

"वाचा ना," शेवंती म्हणाली.

मी पान उलटून बघत राहिले. मालनने मला कोपर मारलं. "बीए, सांग तिला. माका नको सांगूक."

मी सांगितलं. हा हुकूम नाही, अर्ज आहे. तो कोर्टाने काढून टाकला. मालनने पिशवीतून आपली नक्कल काढून दिली, शिक्का वर करून. शेवंतीने दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले, लांबून धरले, आणि विचारलं, "मग माझं लग्न?"

तिची दोन मुलं शेजारच्या ब्लॉकमध्ये खेळत होती, त्यांचा आवाज भिंतीतून येत होता.

चंद्रप्रकाशने बोलायला सुरुवात केली. तो चांगलं बोले. माणसाच्या आयुष्यात काही गोष्टी कागदाच्या पलीकडच्या असतात, असं म्हणाला. मालनला काय पाहिजे असेल ते तो लिहून द्यायला तयार होता. घरमालकाला तो पत्र देईल की या बाईशी आपला काही संबंध नाही.

"तुझ्या पत्रावर माका खोली कोण देणार? शिक्का पाहिजे," मालन म्हणाली. "चणेवाल्याने सांगितलंय. दोघांच्या संमतीचा अर्ज करायचा. सही करायची, सहा महिन्यांनी परत यायचं, जज्जासमोर उभं राहायचं."

"आणि त्यात तारीख येईल! म्हणजे मी शहाऐंशीपर्यंत... ऑफिसात कळलं तर नोकरी जाईल माझी. थोडा विचार कर."

"नाही केली सही, तर ऑफिसात मीच कळवीन. पत्ता ठाऊक आहे."

तो शेवंतीकडे वळला. "बघितलंस? ही तुला रस्त्यावर आणायला आलीये. मुलांचा तरी..."

"सही करा," शेवंती म्हणाली.

"तुला काय कळतं यातलं?"

"मला पिशवीतला कागद कळला नाही, खरंय. आठ वर्षं दसऱ्याला त्याची पूजा केली मी." तिने तो कागद त्याच्या मांडीवर टाकला. "करा सही. आणि नंतर माझ्याशी लग्न करायचं. रजिस्टरात. माझ्या नावाने."

"मृणालिनी—"

ती आली नाही. आत निघून गेली. थोड्या वेळाने पोळपाटावर लाटणं फिरल्याचा आवाज आला.

उतरताना जिन्यात मी म्हटलं, "किती बिचारी आहे ना ती."

"बिचारी कसली? आठ वर्षं शिक्क्याक हळदकुंकू वाहिलान," मालन म्हणाली. "मठ्ठ." मग एक मजला उतरून झाल्यावर म्हणाली, "सही मात्र तिनेच करून घेतली. माझ्या धमकीला भ्यायला नसता तो."

चंद्रप्रकाशने सही केली. वकिलाकडे तो पांढरा शर्ट घालून आला आणि अर्जातल्या इंग्रजी वाक्यात एक चूक काढली. सहा महिने मालन खोलीत राहिली. कोर्टात अर्ज दाखल झाल्याचा कागद दाखवल्यावर मुनीम थांबायला तयार झाला, आणि पावती मयत अनंता घाडीच्या नावाने फाटत राहिली. बाळा दोनदा येऊन गेला. एकदा म्हणाला, वहिनीला, म्हणजे त्याच्या बायकोला, दिंडोशीचं पाणी मानवत नाही. मालनने सांगितलं, उकळून पी म्हणावं.

दुसऱ्या तारखेला चंद्रप्रकाश येणार नाही, असं मी धरून चालले होते. तो आला, कारण शेवंती त्याला घेऊन आली. ती बाकावर शेवटी बसली होती. जज्जांनी नावं पुकारायला लावली. मालन उर्फ मृणालिनी, असा पुकारा झाल्यावर मालन उभी राहिली. चंद्रप्रकाशने तिच्याकडे बघितलं. त्या नावाला ती पहिल्यांदाच उठली होती, आणि ते त्याच्या लक्षात आलं असावं. काम दहा मिनिटांत संपलं. ऑफिसात कोणाला काही कळलं नाही. नोकरी राहिली, वाचनालय राहिलं. असली माणसं सुटतात.

नकलेचा अर्ज या वेळी मी भरला. किती प्रती, या रकान्यात मी एक लिहिलं. मालनने माझ्या हातातलं पेन घेऊन त्याचे दोन केले.

"दुसरी कशाला?"

"त्या मठ्ठीला. रजिस्टर लग्नाला लागेल. तो मेला आणूचो नाय, परत कायतरी पिशवीत घालून देईल." आणि वर म्हणाली, "तू नेऊन दे. मी त्या घरात पाय ठेवणार नाही."

नक्कल मिळाली जून सत्त्याऐंशीत. आम्ही मुनिमाकडे गेलो. बाळाला निरोप गेला असणार, तो आधीच खुर्चीवर बसलेला होता. मालन आल्यावर उठला. मुनिमाने कागद घेतला, उलटून शिक्का बघितला आणि पेपरवेटखाली ठेवला.

"झालं," तो म्हणाला.

"वाचा," मालन म्हणाली.

"त्यात वाचायचं काय? शिक्का आहे ना."

"वर्षाच्या वर मागत होतात. वाचा. मोठ्याने. ह्यालाही ऐकूदे."

मुनिमाने चष्मा काढून पुसला. मग वाचायला लागला. त्याचं इंग्रजी वाईट होतं. लांब वाक्याच्या मध्ये तो श्वासाला थांबे आणि परत मागून सुरू करी. बाळा एका पायावरून दुसऱ्या पायावर होत राहिला. मालनला त्यातला एक शब्द कळत नव्हता. तिने संपूर्ण ऐकलं, न हलता, तारखेपर्यंत, सहीपर्यंत.

"ताई," बाळा म्हणाला, "माका वाटलेला की तू—"

"तुका काय वाटूक नाय. तू भिंत मोजलंस."

मुनिमाने पावतीपुस्तक पुढे ओढलं. कार्बन घातला. बॉलपेनचं टोपण काढून तो थांबला.

"नाव काय लिहू?"

"आत्ता वाचलात ना?" मालन म्हणाली. "उर्फच्या आधीचं. पुढचं नको."